अडीच मैल वायव्येला

तारापूरच्या अणुऊर्जा प्रकल्पावर, जमिनीपासून अकरा फूट उंचीवर, एक विमान सहा मिनिटं एकाच जागी थांबलं होतं आणि ते मी तिथं थांबवलं होतं. ही गोष्ट मी आजवर कुणालाही सांगितलेली नाही. कारखान्यातल्या मित्रांना नाही, बायकोला नाही (बायकोला तर नाहीच नाही!), गणपतीपुढे हात जोडून उभा राहतो तेव्हासुद्धा हा विषय मी शिताफीनं टाळतो.

मी मूळचा कोरेगावकडचा. बोईसरच्या औद्योगिक वसाहतीत एका केमिकल कारखान्यात इन्स्ट्रुमेंट विभागात सव्वीस वर्षं काढली. काम असं की, टाक्यांवरची आणि पाइपांवरची मीटरं खरं बोलतायत की नाही ते बघायचं. खोटं बोलणारं मीटर मी पन्नास पावलांवरून ओळखतो. ही नजर माणसांवर, त्यातही स्वतःवर, अजिबात चालत नाही, हे पुढं कळेलच.

बायको सुनंदा त्याच कारखान्याच्या लॅबमध्ये होती. माहीमच्या मासेमारी करणाऱ्या घरातली. (पालघरजवळचं माहीम. मुंबईचं म्हटलं की सासुरवाडीत जेवण मिळत नाही.) अशा घरात मी घाटावरचा जावई म्हणून दाखल झालो, ते तीन गुण घेऊन: पोहता येत नाही, बोटीत पाय ठेवला की ओकारी येते आणि बोंबील खाताना काटे काढण्यात माझी पाऊण तास समाधी लागते. सासरे धर्माजी तांडेल, म्हणजे आमचे धर्मामामा, स्वतःची बोट स्वतः हाकणारे. त्यांनी मला एकदाच समुद्रात नेलं होतं. किनारा अजून नीट दिसत होता, किनाऱ्यावरच्या लोकांनाही मी नीट दिसत होतो, आणि मी कठड्यावर ओणवा झालो. तेव्हापासून ते मला ‘जावयबापू’ म्हणतात, पण आजारी वासराला गोंजारावं त्या आवाजात.

सुनंदाचा धाकटा भाऊ हरेश. पाम गावात त्याची शेड आहे, फायबरच्या होड्या दुरुस्त करण्याची. तांडेलाच्या पोरानं होड्या दुरुस्त कराव्यात, इथपर्यंत सगळं ठीक होतं. पण त्यानं त्याच शेडमध्ये विमान बांधायला घेतलं. खरंखुरं, दोन माणसांचं, इंजिनवालं!

“अरे, विमान?” मी पहिल्यांदा ऐकलं तेव्हा विचारलं.

“भावोजी, होडी ती काय आणि विमान ते काय. होडी पाणी आत येऊ देत नाही, विमान हवा. बाकी तेच फायबर, तीच राळ.”

हे ‘बाकी तेच’ जुळवण्यात नऊ वर्षं गेली. त्यानं लग्न केलं नाही. गावात लोक मामांना विचारायचे, “धर्मा, पोरगं उडलं का?” आणि मामा म्हणायचे, “पंख फुटतायत अजून.” म्हणत असत हसून, पण लगेच उठून बोटीकडं जात.

ते विमान पामला उडणार नव्हतंच. प्रकल्प जवळ, तिथल्या आकाशात कुणालाच मुभा नाही. पंख काढून, ट्रकवर घालून, लांब आत एका खासगी धावपट्टीवर न्यायचं ठरलेलं. पण त्याआधी विमान खात्याचे तपासनीस शेडवर येऊन ते पास करणार होते. त्यात एक नियम नवा होता. विमानानं दर सेकंदाला आपण कुठं आहोत ते स्वतःहून आकाशात ओरडून सांगायचं. (सुनंदा मला फोनवर दर अर्ध्या तासानं जे विचारते, तेच. फक्त इथं न विचारता सांगायचं.) त्यासाठी विमानात दोन डबे लागतात. एक जागा ओळखणारा, म्हणजे जीपीएस, आणि दुसरा ती जागा ओरडून सांगणारा. हरेशचा ओरडणारा डबा पसंत पडला. पण जागा ओळखणारा डबा साधा, मोबाइलच्या लायकीचा निघाला. “हा चालणार नाही,” खात्याचं पत्र आलं, “मान्यताप्राप्त रिसीव्हर बसवा, मग तपासणी.”

मान्यताप्राप्त रिसीव्हर परदेशातून यायला सात महिने लागले. तो आला तेव्हा तपासणीला आठ दिवस उरले होते. जुलै संपत आलेला. हरेश तो डबा छातीशी धरून माझ्या घरी आला. बाळंतिणीला घरी आणतात तसा सावकाश, पायऱ्या मोजत.

“भावोजी, बसवायचा तुम्हीच. माझा हात फायबरचा, जड. हे नाजूक काम.”

मामा पण आले होते. पावसाळ्यातल्या मासेमारीबंदीचे दिवस, बोट किनाऱ्यावर ओढून ठेवलेली, त्यामुळे मोकळे होते. त्यांनी माझ्याकडं नीट बघितलं आणि म्हणाले, “जावयबापूचा धंदा कायतरी उपेगाचा निघाला म्हनायचा.”

जावई झाल्यापासून पहिल्यांदा! आजारी वासराचा आवाज नव्हता तो. मी दोन दिवस ताठ मानेनं कामावर गेलो.

रविवारी दुपारी मी जेवणाच्या टेबलावर वर्तमानपत्र अंथरलं, डबा मांडला आणि विमानात बसवण्यापूर्वी एकदा घरीच चालू करून बघू म्हणून वायरी जोडल्या. आता इथं आमच्या धंद्यातली एक गोष्ट सांगायला हवी. कारखान्यातलं झाडून सगळं इन्स्ट्रुमेंट चोवीस व्होल्टवर चालतं. सव्वीस वर्षं रोज चोवीस! माझी बोटं झोपेतसुद्धा पॉवर सप्लायचं बटण चोवीसवर नेऊन ठेवतात. डब्यावर स्वच्छ अक्षरांत ‘बारा’ लिहिलं होतं. मी ते वाचलं होतं. मोठ्यानं वाचलं होतं! आणि वाचत वाचतच बोटांनी चोवीस दिले.

फुस्स.

एवढाच आवाज. डब्याच्या फटीतून धुराचा एक बारीक दोरा वर आला, पंख्याच्या वाऱ्यात वळला आणि सात महिने खिडकीबाहेर गेले.

“कसला वास येतोय हो?” स्वयंपाकघरातून सुनंदा.

“तुझ्या तव्यावर काहीतरी लागलं बघ.”

“तवा? मी भात लावलाय!”

“मग... भात लागला असेल.”

ती कुकर बंद करायला धावली. त्या दिवशी आम्ही कच्चा भात खाल्ला, तोही तिनं स्वतःला दोष देत वाढला. माझ्या खोटेपणाची ही पहिली वाढ होती.

त्याच क्षणी हरेशला फोन करायला हवा होता, मला कळत होतं. फोन उचललाही. पण त्याच क्षणी त्याचाच फोन आला.

“भावोजी, कसाय?”

“कोण?”

“डबा हो!”

“ठणठणीत,” मी म्हणालो. (का म्हणालो? सहा वर्षं विचार करतोय.)

“वाटलंच! बाबांना सांगतो. ते दोन टेम्पो करून अख्खी आळी घेऊन येणार आहेत बघायला.”

अख्खी आळी! मी फोन ठेवला आणि वर बघितलं. देवाकडं नाही, कपाटाकडं. कपाटावर सुनंदाच्या आईच्या जुन्या लुगड्याच्या तुकड्यात एक गाठोडं बांधून ठेवलेलं होतं. मामांच्या बोटीचा जीपीएस! बंदीच्या दिवसांत मामा तो बोटीवरून काढतात आणि त्या वर्षी, माझा धंदा उपेगाचा वाटायला लागल्यामुळं, तो माझ्याकडं ठेवायला दिला होता. देताना बजावलं होतं, “तुमच्या घरात खारा वारा कमी. ऱ्हाऊ द्या. पन कायपण दाबायचा नाय. कुनाला हात लावू देयाचा नाय. कलला?”

मला वाटलं होतं, म्हाताऱ्याचा जिव्हाळा.

बोटीचाही जीपीएस शेवटी जीपीएसच. जागा ओळखतो आणि वायरीतून सांगतो. मी स्वतःची समजूत घातली, की हे फक्त तपासणीपुरतं. विमान पास झालं की नवा रिसीव्हर गुपचूप मागवायचा, गुपचूप बसवायचा, आणि हे सगळं चितेवर बरोबर न्यायचं.

दुसऱ्या दिवशी मी पामला गेलो, हरेशला “बारीक काम आहे, बोलू नकोस” म्हणून शेडबाहेर घालवलं आणि जळका डबा त्याच्या मानाच्या जागी बसवला. दिसायला राजबिंडा! त्याच्या तोंडाशी कारखान्यातला एक हिरवा दिवा जोडून दिला, म्हणजे बघणाऱ्याला समाधान. मामांचा डबा लुगड्यासकट मागच्या बाजूच्या सीटखाली सरकवला आणि त्याची वायर ओरडणाऱ्या डब्याला नेऊन जोडली. सोल्डर करायला वेळ नव्हता, तारा पिळून चिकटपट्टी मारली. चालू केलं. ओरडणाऱ्या डब्यावर आकडे आले. सुंदर, दशांश चिन्हासह!

आकडे आले, एवढंच बघितलं. ते आकडे पामचे आहेत का, हे बघितलं नाही. कारखान्यात ज्या पोरांना ह्याच चुकीसाठी मी बोल बोल बोललोय, त्यांची इथं जाहीर माफी मागतो.

तपासणीच्या दिवशी पावसानं उघडीप दिली. हरेशनं चार माणसं लावून विमान शेडबाहेर ढकललं. पांढरं शुभ्र, शेपटीवर निळा पट्टा. मामा धुवट सदऱ्यात, डोक्याला लाल रुमाल बांधून आले. दोन टेम्पोंतून आळी उतरली. त्यात जनू तांडेलही होता. हा मामांचा जुना स्पर्धक. मामांना पापलेट कुठं मिळतं, हे शोधण्यात ह्या गृहस्थाचं निम्मं आयुष्य गेलेलं. काहीतरी निमित्त काढून मामांच्या बोटीवर चहाला यायचा आणि चहा बशीत ओतता ओतता जीपीएसच्या पडद्याकडं बघायचा, अशी त्याची ख्याती.

तपासनीस साहेब मुंबईहून आले. सडपातळ, इस्त्रीचा शर्ट, हातात टॅब. त्यांनी इंजिन बघितलं, पंख बघितले, खिळे हलवून बघितले. हरेश मागं मागं, घाम पुसत. दोन तासांत साहेबांनी एकच शब्द उच्चारला, “बरं.” पण तो सतरा वेळा!

“आता शेवटचं,” साहेब म्हणाले. “ठावठिकाणा. विमान काय सांगतंय ते माझ्या टॅबवर दिसेल. आपण पामला उभे आहोत, ठिपका पामला दिसला पाहिजे. झालं. सही करून मोकळा.”

हरेशनं बटण दाबलं. हिरवा दिवा लागला. मामांनी रुमालावरून हात फिरवला.

साहेबांनी टॅबवर बोट फिरवलं. नकाशा लहान केला, मोठा केला. मग समोरच्या विमानाकडं बघितलं, पुन्हा टॅबकडं.

“हे विमान,” ते अगदी हळू म्हणाले, “इथं नाहीये.”

आळीनं विमानाकडं बघितलं. होतं तिथंच होतं.

“मग कुठंय?” हरेशचा आवाज चिरकला.

साहेबांनी टॅब त्याच्यापुढं धरला. समुद्रकिनारा, प्रकल्पाचं आवार, आणि त्याच्या बरोब्बर मधोमध एक छोटासा निळा ठिपका. लुकलुकत होता.

तेवढ्यात साहेबांचा फोन वाजला. चाचणी होणार हे संबंधितांना आधी कळवलेलं होतं. पण चाचणी पामला होणार असं कळवलेलं होतं!

“होय... होय, दिसतंय मलाही... नाही हो, विमान माझ्यासमोर आहे. मी हात लावून उभा आहे... काय? हलत नाही? अहो, ते कसं हलेल, त्याच्या चाकांना विटा लावल्यात!... किती उंचीवर? अकरा फूट?... मग तुम्हाला खिडकीतून दिसायला हवं... काय दिसतंय? कावळा?”

फोन ठेवला. “एक गाडी येतेय,” साहेब म्हणाले. इस्त्रीचा शर्ट पाठीला चिकटला होता.

“धर्मा,” जनू तांडेल मागून ओरडला, “पोरानं उडवलं पन, आन् आपल्याला दिसला नाय!”

आळी हसली. मामा हसले नाहीत. ते पुढं आले.

“सायब, किती लांब दाखवते?”

“अं? असेल चारएक किलोमीटर.”

“म्हंजे अडीच मैल. कुठल्या अंगाला? वायव्येला काय?”

“हो. वायव्येला.” साहेब चकित झाले. “तुम्हाला कसं कळलं?”

मामांनी मान सावकाश वळवली आणि माझ्याकडं बघितलं. नुसतं बघितलं.

(त्या नजरेचं कोडं मला आठवड्यानं सुटलं, तुम्हाला आत्ताच सोडवून देतो. जनूसारख्या चहाबाजांचा त्रास टाळायला मामांनी आपला जीपीएस मुद्दाम चुकीचं दाखवेल असा करून घेतला होता. जागा नेहमी अडीच मैल वायव्येला सरकवून दाखवायचा. मामा पडद्यावर वाचायचे एक आणि मनातल्या मनात वजा करून जायचे दुसरीकडं. पडद्यावरचे आकडे चोरून जनू दोन मोसम एका खडकाळ जागी जाळी फाडून घेत होता. अख्ख्या किनाऱ्यावर अडीच मैल वायव्येचं खोटं बोलणारा डबा एकच होता आणि तो माझ्या कपाटावर असायला हवा होता!)

गाडी आली. सुरक्षेचे तीन जवान उतरले, त्यांचा अधिकारी मिशीवाला, उंचापुरा.

“जहाज किधर है?”

“यही है,” साहेब म्हणाले.

“तो ऊपर कौन है?”

अधिकाऱ्यानं विमान तपासायचा हुकूम दिला. एक जवान आत वाकला. मी पुढं झालो, तोंड उघडलं. आता सांगतो, असं मनात पक्कं होतं, देवाशपथ! उघड्या तोंडातून उचकी आली. मग दुसरी. सुनंदा म्हणाली, “पाणी प्या,” आणि कुणीतरी बाटली माझ्या हातात दिली. माणसाच्या आयुष्यातला कबुलीजबाबाचा एकमेव क्षण पाण्याची बाटली तोंडाला लावण्यात गेला.

“सर! सीट के नीचे कुछ बंधा हुआ है!”

जवानानं गाठोडं ओढलं. हिरव्या लुगड्याची गाठ, आत काहीतरी चौकोनी, जड. आळी दहा पावलं मागं सरकली. जनू वीस! ओढताना माझ्या पिळलेल्या तारा सुटल्या आणि चिकटपट्टीसकट सीटखाली राहिल्या.

त्याच क्षणी साहेब किंचाळले, “गेलं!”

टॅबवरचा ठिपका नाहीसा झाला होता. फोन पुन्हा वाजला.

“होय, माझ्याकडूनही गेलं... नाही, पडलं नाही. नाही हो, आवाज कसा येईल... अहो, मी सांगतोय ना, ते इथं आहे! ते कधीपासून इथंच आहे!”

गाठोडं सोडलं. मामांचा डबा बाहेर आला. बोटीच्या नावाचं स्टिकर त्याच्यावर ठळक.

“ये किसका है?”

माझी उचकी. हरेश डब्याकडं बघत होता, मग बापाकडं. त्याच्या चेहऱ्यावर जे उमटत होतं, ते मला आत्ताही डोळे मिटले की दिसतं.

“माजा हाय,” मामा म्हणाले. “मीच ठेवला.”

“बाबा!”

“आमच्यात नवी बोट बांदली का जुन्या बोटीची एक तरी वस्तू तिच्यात घालतात. तुज्या आज्याच्या बोटीची खुंटी माज्या बोटीत हाय का नाय? तसाच. तुजा विमान म्हंजे बोटच. पंख हायत एवडाच.”

ही रीत त्यांच्या घरात खरोखरच आहे. म्हणून तर सगळ्यांना पटलं! साहेबांनी कपाळावर हात मारला. मग त्यांनी मानाच्या जागेवरचा नवा रिसीव्हर तपासला. दिवा हिरवा, आत काही नाही. त्यांनी जागच्या जागी निदान केलं. सीटखालच्या त्या भलत्या यंत्रानं सगळा गोंधळ घातला, त्याचीच जागा पुढं गेली आणि त्यामुळंच नवं यंत्रही कामातून गेलं. कसं गेलं, ह्यात ते फार शिरले नाहीत. त्यांना सहाची गाडी पकडायची होती.

“वायरिंग मात्र नीटनेटकं आहे,” जाता जाता माझ्याकडं बघून म्हणाले. “तुमचं काम दिसतंय.”

मी उचकी दिली.

अधिकाऱ्यानं मामांना अर्धा तास झापलं. मामा रुमाल हातात घेऊन ऐकत होते. ‘नापास’चा कागद हरेशच्या हातात पडला. तो वडिलांसमोर जाऊन उभा राहिला.

“नऊ वर्षं, बाबा. नऊ वर्षं मी एक एक खिळा...” त्यानं कागद चारदा दुमडला. “तुम्हाला एकदा विचारावंसं वाटलं नाही?”

मामा म्हणाले, “चुकला माजा.”

आणि मागं जनू तांडेल बोटांवर काहीतरी मोजत होता. अडीच मैल. वायव्य. मामांचा डबा. हळूहळू त्याचा चेहरा उजळत गेला. “अरं धर्मा!” तो आनंदानं किंचाळला. “दोन वर्सं मी खडकावर जाली फाडली रं!” मोसम सुरू झाल्यावर पहिल्याच आठवड्यात त्याची बोट मामांच्या खास जागेवर उभी होती.

नारळी पौर्णिमेला हरेश माहीमला गेला नाही. जन्मात पहिल्यांदा. मामांनी एकट्यानं नारळ सोडला. आमच्या घरी सुनंदा रोज ताट वाढताना म्हणायची, “बाबांना ह्या वयात काय सुचलं हो? आपल्या कपाटावरून डबा कधी नेला, कळलंसुद्धा नाही. पोराच्या आयुष्याचं मातेरं केलं.” मी खाली मान घालून बोंबलाचे काटे काढायचो.

त्या दिवशीच्या गडबडीत मामांचा डबा माझ्याबरोबरच घरी परत आला होता. मामा तो न्यायला आले तेव्हा सुनंदा कामावर होती. मी लुगड्यासकट त्यांच्या हातात दिला.

“चालते ना?”

“चालतो, मामा.”

“खोटाच सांगते ना अजून?”

“हो.”

“बरा.” दारात थांबले. “तुमी चांगल्यासाटीच जोडला असंल, जावयबापू. नवा चालला नाय तर जुना असू दे म्हनून. मला ठाव हाय. पन माज्या खोट्या डब्यानं पोराचा खरा डबा मारला. पाप माजाच.”

पाप त्यांचंच! साहेबांचं निदान त्यांनी मनाला लावून घेतलं होतं. चोवीस व्होल्ट, फुस्स, कच्चा भात, ह्यातलं त्यांना काही माहीत नव्हतं. “मामा, मी हरेशला सांगतो,” मी कसाबसा म्हणालो.

“काय सांगनार? गप ऱ्हावा. त्याला बाप एकच हाय, बापाला तो टाकनार नाय. मेव्हन्याला टाकील. मंग माजी पोर मदल्या मदी कुटं जाईल?”

मी गप्प राहिलो. गप्प राहण्यात माझा हात धरणारा माणूस पालघर जिल्ह्यात नाही.

बापलेक होळीला पुन्हा बोलायला लागले. नवा रिसीव्हर परत सात महिन्यांनी आला, तो मी बसवला, बारा व्होल्ट अकरा वेळा मोजून. तपासणी झाली. ठिपका पामला दिसला आणि साहेब “बरं” म्हणाले. मग पंख काढून विमान ट्रकवर चढलं आणि लांबच्या त्या धावपट्टीवर गेलं. ज्या दिवशी ते पहिल्यांदा उडायचं होतं, त्या दिवशी आम्ही सगळे गेलो. मामाही.

विमानाच्या पंचवीस पावलं अलीकडं हरेशनं त्यांना थांबवलं. “बाबा, रागावू नका. खिसे.”

मामांनी दोन्ही हात वर केले. ऐंशीला टेकलेला माणूस, लाल रुमाल बांधलेला, माळावर हात वर करून उभा! हरेशनं सदऱ्याचे खिसे चाचपले. चुन्याची डबी निघाली. “ही धातूची आहे,” तो म्हणाला आणि ती त्यानं गवतावर ठेवली. मामांनी मान डोलावली. मग हरेश माझ्याकडं वळून म्हणाला, “भावोजी, तुम्ही चढा आत. शेवटचं एकदा बघून घ्या. तुमच्याशिवाय मी कुणालाच हात लावू देत नाही.”

मी चढलो. व्होल्ट मोजले. बारा होते. खिडकीतून मामा दिसत होते, हात अजून वरच होते. खाली करा असं त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. मी काच सरकवून तेवढं तरी सांगायला हवं होतं. मी पुन्हा व्होल्ट मोजले.

विमान उडालं. सुंदर उडालं. तेव्हापासून दर वेळी हेच होतं: हरेश खिसे तपासतो, मामा हात वर करतात आणि मला चहा मिळतो.

नवा डबा मी जाळला, जुना मी लपवला, बाबांचा ह्यात काडीचा दोष नाही. ही तीन वाक्यं मी हरेशला देणं लागतो, मामांच्या देखत, आणि त्यांचे हात खाली असताना. इथं एवढं सगळं लिहून झालं, पण त्या तिन्हींतलं एकही वाक्य मी अजून तोंडानं उच्चारलेलं नाही.